काचेतलं शिसं

टेबलावरून खाली उतरवलेल्या वस्तूला कुणी तिची हकिगत विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. मित्रांनो, मी औशातल्या एका शाळेचा जुना मॉनिटर आहे. आताच्या पडद्यांसारखा सडपातळ नाही. पाठीला भलंमोठं कुबड, उचलायला दोघे लागतात.

कारखान्यातून खोक्यात बसून मी लातूरमार्गे इथे आलो. पहिल्या दिवशी माझ्या डोक्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. मुलं एका खुर्चीवर दोघं-दोघं दाटीवाटीने बसायची. एकेक अक्षर शोधून आपलं नाव टाइप करायची आणि ते माझ्या काचेवर उमटलं की हरखून जायची. मग सपाट पडदे आले. मला आणि माझ्याबरोबर आलेल्या दुसऱ्या मॉनिटरला कोपऱ्यात सरकवलं. सहा वर्षं आमच्यावर व्यायामाच्या चटया पडून होत्या.

गेल्या वर्षी विज्ञानाच्या श्रद्धा मॅडमनी मला पुन्हा वर्गात आणलं. मला वाटलं, दिवस पालटले.

पण मॅडम म्हणाल्या, "मुलांनो, याच्या काचेत किलोभर तरी शिसं असेल. अख्खा आहे तोवर ते काचेतच राहतं. फोडून टाकला, की मातीत जातं, पाण्यात जातं, तिथून आपल्या अंगात."

मी थिजलो. इतकी वर्षं मुलं माझ्यापुढे विश्वासाने बसली, आणि माझ्या पोटात हे होतं!

पुढे मॅडमनी वायरींचं सांगितलं. आतल्या तांब्यासाठी लोक त्या जाळतात आणि तो विषारी धूर छातीत बसतो. पहिल्या बाकावरची रुद्राणी भराभर लिहून घेत होती. तिचा पेन तिथेच थांबला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मुलांनी घराघरांतून बंद मोबाइल, चार्जर, रिमोट, वायरींची भेंडोळी आणली. रुद्राणी सगळ्यांच्या पुढे. हे सामान नीट सुटं करणाऱ्या केंद्राची गाडी लातूरहून येणार होती. ठरल्या तारखेला ती आली नाही, पुढच्या तारखेलाही नाही. तेवढ्यात शाळेची तपासणी लागली. श्रद्धा मॅडम प्रशिक्षणासाठी नांदेडला होत्या. सामान ठेवलेली खोली मोकळी व्हावी म्हणून मुख्याध्यापक किशनराव सरांनी भंगारवाल्याला फोन केला.

शनिवारी शाळा सुटल्यावर टेम्पो आला आणि आम्हा दोघा मॉनिटरांना, मुलांनी आणलेल्या सगळ्या सामानासकट, घेऊन गेला. पत्र्याचं कुंपण घातलेल्या एका आवारात आम्हाला उतरवलं. मधली जमीन जळून जळून काळीठिक्कर पडली होती. तिथे महादेवी नावाची बाई वायरींचा ढीग रचत होती आणि मधेमधे छाती धरून खोकत होती. तिच्या नवऱ्याने, मल्लेशने, हातोडा उचलला. माझा जोडीदार एका घावात फुटला. त्याची काच मातीत विखुरली. मी बघत राहिलो. बघण्यापलीकडे मला काय येतं?

हातोडा माझ्यावर उगारला गेला, तोच फाटकातून आवाज आला, "अप्पा, थांबा!"

दारात रुद्राणी होती. खो-खोचा सराव आटोपून आलेली, पाठीवर दप्तर. हे तिचंच घर होतं.

"ते आमच्या शाळेचंय," ती धापा टाकत म्हणाली.

"शाळेनंच दिलंय की. सरांचा फोन आला होता." मल्लेशने हातोडा ठेवला आणि खिशातून काडीपेटी काढली. "सरक माय, वायरी पेटवायच्यात."

"नका पेटवू. लई विषारी धूर असतोय तो."

"पंधरा वर्षं झाली, जाळायलोय. मला काय झालं?"

"तुम्हाला न्हाई. आईला झालं."

महादेवीला त्याच वेळी खोकल्याची उबळ आली. मुलीचं बोलणं खरं ठरू नये म्हणून तिने पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलत राहिले, डोळ्यांत पाणी आलं.

"आन खायचं काय मग?" मल्लेश ओरडला. "तुझं शिक्षण ह्याच्यावरच चाललंय, ध्यानात ठेव!"

 रुद्राणी दप्तरासकट वायरींच्या ढिगावर जाऊन बसली. मल्लेशने लेकीकडे बघितलं. मग काडीपेटी खिशात टाकून फाटकाबाहेर निघून गेला. त्या दिवशी तिथे जाळ झाला नाही.

सोमवारी मल्लेशनेच मला आणि उरलेल्या सामानाला शाळेत परत आणलं. किशनराव सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडमना विचारल्याशिवाय मी फोन केला. चूक माझी." चार दिवसांनी केंद्राची गाडी आली. गाडीवरचा माणूस मल्लेशला म्हणाला, "न फोडता, न जाळता माल आणून द्या. आम्ही घेऊ."

मल्लेशने मान हलवली. मग हळूच विचारलं, "आन आजवर जे जाळलं, त्याचं काय?"

त्या माणसाने मला गाडीत चढवायला घेतलं. महादेवीला लातूरला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं आहे, एवढं रुद्राणी नांदेडहून परतलेल्या मॅडमना सांगत होती. महादेवी बरी होईल का, ते मला कळायच्या आत गाडीचं दार लागलं.

मित्रांनो, माझं आयुष्य संपलं, त्याचं दुःख नाही. केंद्रात माझी काच वेगळी निघेल, तांबं वेगळं. पण तुमच्या घरातलं काही बंद पडलं आणि ते न्यायला कुणी दारात आलं, तर हातात देण्याआधी एवढं विचारा, की हे कुणाच्या अंगणात फुटणार आहे, आणि तिथे कोण राहतं?