पुठ्ठ्याच्या भिंतीआडचं एक मत

खरं तर मी हे सांगायचं नाही. पाहिलेलं पोटात ठेवायचं, एवढंच माझं काम. पण आता राहवत नाही. मी मतदानाच्या मशीनभोवती उभी करतात ती पुठ्ठ्याची भिंत. तीन घड्यांची, बाहेरून पांढरी, आतून मातकट.

कारखान्यातून निघाले तेव्हा गठ्ठ्यात आम्ही शंभरजणी होतो. शिरूरच्या नगरपरिषद निवडणुकीत मला एका शाळेच्या तीन नंबरच्या खोलीत उभं केलं आणि मी एकटी पडले. माझ्याआड येणारं माणूसही एकटंच असतं. रांगेत टाळ्या देऊन हसणारी माणसं आत आली की गप्प होतात. कुणी देवाचं नाव घेतं, कुणी नुसताच घाम पुसतं.

राहेलबाई सकाळीच आल्या. मिशनच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या, यंदा अपक्ष उमेदवार. चिन्हही शिलाई मशीन. गल्लीत चार दिवसांनी नळ येतो, म्हणून सगळ्यांनी त्यांना भरीला घातलं होतं, "तुमी नुसत्या उभ्या ऱ्हावा, आमी हाय की!"

त्यांचं बोट स्वतःच्या नावापाशी गेलं आणि थबकलं. "आपल्या पानात आपणच वाढून घेऊ नये," त्या पुटपुटल्या आणि समोरच्या उमेदवाराचं, सुलक्षणाताईंचं बटण दाबलं. अहो बाई, ही पंगत नाही, असं ओरडावंसं वाटलं मला. पण भिंतीला कान असतात, तोंड कुठे असतं?

मग त्यांचे यजमान शमुवेल आले. ते सुलक्षणाताईंच्या सासऱ्यांच्या दुकानात कामाला. शिलाई मशीनच्या चित्राजवळ बोट धरून बराच वेळ उभे राहिले. "माफ कर," म्हणाले आणि सुलक्षणाताईंचं बटण दाबलं.

दुपारी कस्तुराबाई काठी टेकत आल्या. त्यांचा मुलगा विश्वजीत सुलक्षणाताईंचा प्रचार करायचा. तो दारातूनच म्हणाला, "आये, वरनं दुसरं बटण! ध्यानात हाय न्हवं?"

"हाय रं बाबा. पोपट हाय का मी, सारखं पढवायला?"

मतदान केंद्रावरच्या साहेबांनी विश्वजीतला बाहेर काढलं. आत कस्तुराबाई शिलाई मशीनच्या चित्रावर वाकल्या. "राहेल, माझं बी घरात कुणी ऐकत न्हाई गं," असं म्हणून त्यांनी अंगठ्याने ते बटण जोर लावून दाबलं.

दुसऱ्या दिवशी राहेलबाई शाळेत मुलांचे गणवेश द्यायला आल्या. शिपाई भिमाजीमामा खोली झाडत होते. "घ्या बाई, कटिंगला चांगला पुठ्ठा हाय," म्हणत त्यांनी मला बाईंच्या हातात दिलं. अशी मी त्यांच्या घरी, मशीनच्या मागे उभी राहिले.

निकाल लागला. तीन नंबरच्या खोलीत, म्हणजे त्यांच्याच गल्लीच्या केंद्रावर, राहेलबाईंना एक मत. शेजारची शितल दारातून म्हणाली, "काकू, घरचं एक तरी पडलं म्हणायचं! सोत्ताचंच ना?"

बाईंनी सुईत दोरा ओवला. ते स्वतःचं नव्हतं, हे कुणाला सांगणार? शमुवेल जेवायला बसले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "ते एक मत तुमचंच ना हो?"

शमुवेलनी मान वर न करता "हं" केलं.

त्या दिवसापासून बाई मशीनवर बसल्या की गुणगुणतात. यजमानांना शर्ट शिवायचा म्हणून निळं कापडही आणलंय. शमुवेल मात्र ते कापड दिसलं की बाहेर निघून जातात.

कस्तुराबाई रोज दारावरून जातात. आत बघतात, चाल मंद करतात आणि विश्वजीतच्या धाकाने पुढे निघतात. बाई खाली मान घालून शिवत असतात. मी बोलले तर बाईंना एक मैत्रीण मिळेल, पण घरचं माणूस दुरावेल. म्हणून इतके दिवस गप्प राहिले.

आज बाईंनी निळं कापड पसरलं, तसे शमुवेल बाहेर निघायला चपला शोधू लागले. आणि आज मात्र दारात कस्तुराबाई थांबल्या. हातात उसवलेली चोळी. "राहेल, एवढं टाकं घालतीस का गं?"

"ठेवा तिथं, मावशी," बाई कापडावरची नजर न काढताच म्हणाल्या.

मावशींनी चोळी उंबऱ्यावर ठेवली. अजून तिथेच उभ्या आहेत. काहीतरी बोलायचंय त्यांना, ओठ हलतायत. नाही, आता मीच सांगते. राहेलबाई, वर बघा! ते एक मत शमुवेलचं नव्हतं. दारात उभ्या आहेत ना, त्या मावशींनीच तुम्हाला…

"अहो, तो मागचा पुठ्ठा द्या बरं इकडं. तुमच्या शर्टाची कॉलर कापायचीय."