मुंगीचा लाल ठिपका

"झालं! ही सोळावी," असं म्हणत बाईंनी टॅबवर शेवटचं बोट दाबलं आणि मुंगीच्या नावापुढे लाल ठिपका पेटला.

बाई दचकल्या. भोंग्यापुढे लाल आलं असतं तर त्यांनी टॅबची पाठ थोपटली असती. भोंगा चार वर्षांचा. तो रडायला लागला की समोरच्या दवाखान्यातले पेशंट बरे होऊन घरी पळत, असं बाई शपथेवर सांगत. पण मुंगी? सगळ्या बालवाडीत तिच्याइतकं गुणी पोर नव्हतं!

"तुझ्या यंत्राला अक्कल आहे का गं?" त्या ताईवर कडाडल्या.

ताई त्यांच्या लेकीच्या वयाची, आरोग्य खात्यातून टॅब घेऊन आलेली. प्रत्येक मुलाच्या वागण्याबद्दल पंचवीस प्रश्न. उत्तरं तीनच – कधीच नाही, कधीकधी, नेहमी. चार वाजता यादी वर जाणार. लाल आलेल्या मुलांना पुढच्या मंगळवारी बालतज्ज्ञ मॅडम भेटणार. हिरव्यांना वर्षभर कुणी विचारणार नाही.

ताईने मुंगीची उत्तरं उघडली आणि तिला हसू आवरेना. "बाई, तुम्ही सरसकट 'कधीच नाही' दाबलंय!"

"मग? रडते का, कधीच नाही. मारते, चावते, हट्ट करते, कधीच नाही. सव्वीस वर्षं पोरं सांभाळतेय. डोळे मिटून सांगेन."

"मिटूनच सांगितलंत. अहो, मधे पाच उलटे प्रश्नही आहेत. हसते का? कधीच नाही. दुसऱ्या मुलांशी खेळते का? कधीच नाही. काही हवं असलं तर मागते का? कधीच नाही."

"अगंबाई! बदल, बदल लवकर. तिच्या आईला काय तोंड दाखवू?"

"बदलते की. सांगा, शेवटची हसली कधी?"

"परवाच तर..." बाई थांबल्या. परवा हसला होता भोंगा. त्याच्या आदल्या दिवशीही भोंगाच. "थांब जरा. बघून सांगते."

बाईंच्या वर्गाची ख्याती अशी, की तिथे टाचणी पडली तर टाचणीच माफी मागेल. त्या शांततेचा मुकुटमणी म्हणजे मुंगी. "तिच्याकडे बघा, शिका जरा!" असं बाई दिवसातून दहादा म्हणत आणि पंधरा पोरं तिच्याकडे वळून बघत. आज पहिल्यांदाच बाईंनी स्वतः बघितलं.

मुंगी झोक्याच्या रांगेत उभी होती. एक पोरगी मधे घुसली, मुंगी एक पाऊल मागे सरकली. दुसरी घुसली, ती आणखी मागे. घंटा झाली तेव्हा ती भिंतीला टेकली होती. वर्गात आल्यावर तिने पाण्याची बाटली काढली. झाकण घट्ट होतं. दोनदा पिळून पाहिलं आणि बाटली होती तशी ठेवून दिली. बाई हाताच्या अंतरावर होत्या. दोन तासांत भोंग्याने त्यांना एकेचाळीस हाका मारल्या. मुंगीची एकही नाही. तिला वर्गात येऊन वर्ष होत आलं होतं. बाईंनी आठवून आठवून पाहिलं; तिच्या तोंडून 'बाई' असा शब्द कसा ऐकू येतो, हेच त्यांना आठवेना.

चाराला दहा कमी असताना ताई आली. "बोला, कुठली पाच बदलू?"

"एकही नको."

"अहो, पण चुकून दाबलंत ना?"

"चूक माझी. उत्तरं बरोबर आहेत." बाईंनी चष्मा पुसला. "आणि खाली लिही, बाईंनी न बघता भरलं म्हणून."

"तसा रकाना नाही यात."

"मग कसलं गं तुझं यंत्र!"

दाराशी मुंगीची आई आली. ठिपक्याचं ऐकून तिचा चेहराच उतरला. "लाल? आमची? घरी हूं की चूं नाही हो बाई. शेजारी विचारतात, मूल आहे का नाही घरात? मी अभिमानाने सांगते, बाईंची शिस्त!"

एरवी या वाक्यावर बाईंचा आठवडा खुशीत गेला असता.

"शिस्त नाही हो ती," त्या म्हणाल्या. "मला सोपं पडत होतं, म्हणून गुणी म्हणत राहिले. मंगळवारी मॅडम येतील. तुम्ही या, मीही बसते शेजारी."

"पण तिला झालंय तरी काय?"

"मला काय ठाऊक! ठाऊक असतं तर सव्वीस वर्षांचा तोरा कशाला उतरला असता? विचारू त्यांना."

आई निरोपाच्या वहीत मंगळवार लिहू लागली. बाई आत गेल्या आणि गुडघे कडाकडा वाजवत मुंगीशेजारी जमिनीवर बसल्या. बाई इतक्या जवळ आलेल्या पाहून मुंगीने झटकन पाठ ताठ केली, हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि वाट पाहू लागली.

'शाब्बास' बाईंच्या जिभेपर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं. तिचं बोट हळूच धरून तोंडावरून खाली घेतलं.

हात सोडला, तसं ते बोट पुन्हा आपल्या जागी जाऊन बसलं.