विरजणापुरता गाळ

"बाई, झाकण उघडतोय. नाक दाबा!" टाकीवाला ओरडला.

"सगळी नोकरी वॉर्डात काढलीय मी. तू तुझं नाक सांभाळ."

बंद खिडकीच्या काचेतून मला दोघे दिसत होते, टाकीवाला आणि माझी बायको, निवृत्त नर्स. अर्धांगवायू झाल्यापासून माझे जग म्हणजे ही खिडकी, आणि सेप्टिक टँक नेमका तिच्याखाली. वास इतका सुटला होता की मुलाने बजावले होते, "पुढच्या खेपेला हे असंच असलं तर घर बंद. दोघांनी माझ्याकडे, सातव्या मजल्यावर यायचं." मला इथून हलायचे नव्हते. पण ज्याचे सगळे दुसऱ्याने उचलायचे, त्याने हट्ट तरी कसा धरावा?

टाकीवाल्याने बांबू घालून पाहिला. "मेलीय ही."

"कोण?"

"टाकी. वर साय नाही, खाली गाळ नुसता साठलाय. यात बारीक जीव असतात बाई. ते रात्रंदिवस खातात, म्हणून मधलं पाणी निवळून शोषखड्ड्यात जातं. काय ओतता तुम्ही?"

हिने वळून माझ्या खिडकीकडे पाहिले. माझे शौचाचे भांडे संडासात ओतण्याआधी ती त्यात जंतुनाशक घालून झाकून ठेवायची, वॉर्डातल्यासारखे. त्यात कधी कसूर नाही.

"म्हणजे मीच की," ती हळूच म्हणाली. "जन्मभर ज्यांच्या मागे लागले, ते इथे माझंच घर सांभाळत होते होय रे?"

"आता नका मागे लागू म्हणजे झालं! तळाला थोडा गाळ ठेवतो. विरजणापुरता."

पंप गुरगुरू लागला. एखाद्या अत्यवस्थ पेशंटकडे पाहावे तशी ती आत पाहत उभी होती. मी मात्र पडल्या पडल्या थक्क झालो होतो. ज्याची मला रोज लाज वाटे, त्यावर अंधारात कुणाचे तरी पोट भरणार होते, आणि त्यातून पाणी नितळणार होते. माझ्याकडूनही अजून काही घेतले जाणार होते तर.

दुपारी तिचा हात सवयीने जंतुनाशकाच्या बाटलीकडे गेला. मग तिने नुसते पाणी घेतले.

पुढे तिला टाकीचे वेडच लागले. झाकण किलकिले करून टॉर्च मारायची आणि मला येऊन सांगायची, "आज साय धरलीय हं!"

मुलगा आला तो सामान बांधायच्या तयारीने. खोलीत शिरून त्याने श्वास घेतला, पुन्हा घेतला. तेवढ्यात हिने माझ्याखालचे भांडे काढले, वर कापड टाकले.

"कुठे निघालीस, आई?"

"आलेच. त्यांना वाढून येते."

मुलाला काही कळले नाही. खिडकी सताड उघडी होती.