तिरकं छिद्र

मी बोलतेय, हार्लनची शिकारीची बंदूक. खरं तर बोलायचाही आता कंटाळा येतो. या महिन्यात मला इतक्यांनी उचललं, फिरवून पाहिलं, उजेडात धरलं, की दाखवायला बसवलेल्या मुलीला काय वाटत असेल ते पुरतं कळलं.

जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या शेकडो जणी रोज बाहेर पडायच्या. वेगळेपण काय, तर पोटावरचा नंबर. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर काळी नळी. हार्लनने मला पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या त्याच्या घरी आणलं, तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. आपल्याआधी त्याने मला जवळ घेतलं, हे त्याची बायको पुढे चाळीस वर्षं ऐकवत होती.

हरणांच्या शिकारीचा हंगाम दरवर्षी एका सोमवारी उघडे, त्या दिवशी शाळासुद्धा बंद. अशाच एका सोमवारी हार्लनचा नेम चुकला. नेम चुकला की त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कापून शिकाऱ्यांच्या खोपटाच्या भिंतीला ठोकायचा, ही तिथली रीत. मित्रांनी ती हसत हसत पाळली. हार्लन घरी येऊन जेवला नाही. नेम धरायची दुर्बीण बसवायची म्हणून त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवं केलं आणि पाठीत स्वतःच छिद्रं पाडली. त्यातलं एक तिरकं गेलं. दुर्बीण कधी सरळ बसलीच नाही. ती काढून टाकली, छिद्र राहिलं.

आता त्याला दिसत नाही. या हिवाळ्याच्या तोंडावर घर गरम ठेवणारी शेगडी तडकली, तेव्हा तोच म्हणाला, बंदूक विका आणि नवी शेगडी घ्या. पण संध्याकाळी मला मांडीवर घेतल्याशिवाय त्याला चैन पडेना. दस्त्यावर एक खोक आहे, दगडावर पडले होते तेव्हाची. त्याचा अंगठा तिथे जाऊन थांबायचा.

मुलगा ड्वेन मनाने चांगला. किंमत जास्त यावी म्हणून त्याने, दुकानात दाखवायला नेलीय असं बापाला सांगून, चार दिवस मला काचकागदाने घासलं, रोगण दिलं, नळी चकचकीत केली. खोक गेली. त्याची नवी बायको आर्डिस दारात उभी राहून बघत होती. "बाबांना विचारलंस का?" तिने एकदा विचारलं. त्यांना आनंदाचा धक्का द्यायचाय, म्हणाला. घरात नवी होती, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मग दोघं मला बंदुकांच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या म्हाताऱ्या स्ट्राउडने मला हातात घेतलं आणि सुस्कारा सोडला. लाकूड लोखंडाच्या पातळीखाली गेलंय, नंबराचे आकडे पुसट झालेत, वर ही भोकं, तो म्हणाला.

"लेका ड्वेन, तू हिला आंघोळ घातलीस की सोलून काढलंस? होती तशी आणली असतीस तर दुप्पट दिले असते."

ड्वेनची मान खाली गेली. आर्डिसने मला उचललं आणि म्हणाली, विकायची नाही.

घरी हार्लनच्या मांडीवर ठेवलं. अंगठा दस्त्यावर फिरला, परत फिरला. चेहरा उतरला.

"ही कुणाची आणलीत? माझी कुठंय?"

आर्डिस गुडघ्यांवर बसली, सासऱ्याचं बोट धरलं आणि माझ्या पाठीवरच्या त्या छिद्रावर टेकवलं. बोट छिद्राच्या कडेवरून चाचपडत राहिलं.

"तिरकं आहे," तो म्हणाला. मग हळूच हसला. "हा गाढवपणा माझाच."

"आणि घासायचा माझा, बाबा," ड्वेन पुटपुटला.

"शोभतोस माझा मुलगा. शेगडीचं काय?"

"जुनीलाच पत्रा मारू," आर्डिस म्हणाली.

आता खोलीत थोडा धूर असतो. मी म्हाताऱ्याच्या मांडीवर, नव्या नवरीसारखी चकचकीत आणि फार दमलेली. एवढंच मागते: मला पुन्हा कुणी सुंदर करू नका. त्याच्या हाताला मी सापडायला हवी.