माझ्या पानावरचे डाग

मित्रांनो, मी नाचणी आहे. साखरशेत गावच्या उतारावरची, सरूच्या घरची. तिच्या आजेसासूने पेरलेलं बियाणंच आजवर चालत आलं, म्हणून मी स्वतःला जुनी म्हणवते. त्याचा मला थोडा तोराही होता. यंदा तो पार उतरला, इतकी मी घाबरले.

यंदा बी कमी पडलं, म्हणून सरूने पाहुण्यांकडचं बी माझ्यात मिसळलं. त्या बियाची पाहुणी रोपं आणि आम्ही जुन्या शेजारी शेजारी वाढलो. भाद्रपदात आठवडाभर धुकं हटलं नाही आणि करपा रोगाची बुरशी आली. डोळ्यांना न दिसणारा तिचा एक कण माझ्या ओल्या पानाला चिकटला आणि आत शिरू लागला.

मला पळता येत नाही. ती शिरते तिथे मी जहाल हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते. त्याने ती होरपळते, माझ्याही पेशी मरतात आणि बारीक तपकिरी डाग उरतो. पण ही बुरशी कॅटलेज नावाचं विकर घेऊन येते. ते माझ्या विषाचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं. मी विष ओतत होते आणि त्याचं पाणी होत होतं. माझा धीरच सुटला. शेवटी त्या विकराला आवरेना इतकं विष मी एकदम सोडलं, तेव्हा कुठे ती मेली. शेजारच्या पाहुण्या रोपाला मात्र विष सोडायला उशीर झाला. बुरशीने त्या पाहुणीचं थोडंसं विष सहज निष्प्रभ केलं आणि ती तिला आतून खात राहिली. वरून पाहुणी हिरवीगार दिसत होती.

इथेच माणसं फसली. रोगट रोप दिसलं की उपटून जाळायचं, ही सरूच्या नवऱ्याची, सखाची रीत. रीत चांगलीच आहे, पण डाग आम्हां जुन्यांवर होते. माझ्या बहिणी एकेक करून मुळांसकट निघाल्या. बुरशीला मी मारलं होतं, माणसाच्या हाताला काय करणार?

तो हात माझ्या बुडाशी आला, तेव्हा सरूने अडवलं.

"हिला ठेव. परवा व्हते तवढेच डाग हायेत. वाढलं नाय."

सखा थांबला. तोवर आम्ही जुन्यांतली सातच रोपं उरलो होतो.

पंधरा दिवसांत पाहुण्या रोपांच्या कणसाखालच्या माना काळ्या पडल्या, कणसं पोचट निघाली. कापणीला सरूने आमची कणसं बियाण्यासाठी वेगळी खुडली. यंदा रेशनच्या तांदळावर भागवू म्हणाली आणि एक दाणाही जात्यात पडू दिला नाही. सखाने ती कणसं स्वतः टोपलीत ठेवली. हात तोच होता. मी अजून त्याला भिते.

मित्रांनो, बुरशीचे कणही याच उतारावर आहेत. पुढच्या वर्षी ती येणारच, आणि मी पुन्हा स्वतःला भाजून घेईन. तेव्हा डाग दिसला म्हणून लगेच हात घालू नका. दोन दिवस थांबा, तो वाढतोय का बघा. बुरशीशी मी लढेन. तुमच्या घाईपुढे मात्र माझ्याकडे कुठलंच विष नाही.