रसायनाचा ऑफ तास

शुक्रवारी शाळा सुटताना रसायनाच्या सरांनी राजीनामा हातात ठेवला, आणि सोमवारी शाळेच्या मान्यतेची तपासणी होती. सरांना मोठ्या संस्थेत जागा मिळाली होती, तिथे लगेच हजर व्हायचं होतं. ते मान खाली घालून उभे होते. बाईंनी "बरं" एवढंच म्हटलं आणि ते गेल्यावर सोमवारचं वेळापत्रक काढलं.

बाईंची शाळा म्हणजे छापखान्याच्या वरचे दोन मजले. खाली यंत्रं सुरू झाली की वरचे फळे बारीक थरथरायचे. नव्या मुलांना पहिले दोन दिवस गंमत वाटायची, मग सवय व्हायची. चौदा वर्षांपूर्वी बाई एका भल्याथोरल्या शाळेत गणित शिकवत होत्या. वर्गात सत्तर मुलं. निकालाच्या दिवशी एका नापास मुलीची आई भेटायला आली, काही भांडली नाही, फक्त विचारलं, "माझी मुलगी नेमकी कुठे अडते?" बाईंना त्या मुलीचा चेहराच आठवेना. वर्षभर शिकवलेली मुलगी. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली.

घरच्या जेवणाच्या टेबलाभोवती नऊ मुलं बसवून सुरुवात झाली. शेवटच्या दोन वर्षांची मुलं, इतरांनी हात टेकलेली, त्यांना कॉलेजच्या दारापर्यंत नीट पोचवायचं, एवढंच काम. नियम एकच: वर्गात पंधराच्या वर एकही मूल घ्यायचं नाही. नवाची एकशेबारा झाली, टेबलाचे आठ वर्ग झाले, पण सोळावी खुर्ची कुठल्याच वर्गात आली नाही.

अडलं होतं ते मान्यतेवर. मान्यता नसल्यामुळे मुलांना दुसऱ्या शाळेतून बाहेरचे विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसावं लागायचं, आणि कॉलेजची ऑफिसं त्यांच्या अर्जाकडे वाकड्या नजरेने बघायची. दोनदा अर्ज परत आला होता. एकदा जिना अरुंद म्हणून, एकदा प्रयोगशाळेत हवा खेळत नाही म्हणून. तिसऱ्यांदा नाकारला तर पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नव्हता.

शाळेचं ऑफिस बाईंच्या थोरल्या नणंदबाई सांभाळायच्या. तीस वर्षं पोस्टात काढलेल्या, शिक्का मारला की टेबल हलायचं. शनिवारी सकाळी त्यांनी दार लावून घेतलं.

"माझा भाचेजावई औषधांच्या कारखान्यात आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी एक तास उभा राहील. शिकलेला माणूस आहे, कोट घालून येईल. कुणाला कळणार आहे?"

बाईंनी वेळापत्रक पुढे ओढलं.

"वहिनी, तू काही बोलू नकोस. नुसती मान हलव."

बाईंनी मान हलवली.

रविवारी भाचेजावई आला. मोठा भला माणूस. वही काढून म्हणाला, "धडा मी बघून ठेवतो. पण मुलं मला ओळखत नाहीत, ती गोंधळणार. त्यांना आधी सांगून ठेवाल ना?"

"सांगते," बाई म्हणाल्या. आणि घरी जाताना त्यांच्या मनात तेवढाच शब्द घोळत राहिला. काय सांगायचं? की विचारलं तर म्हणा, हेच आमचे सर? सोमवारी सकाळी भाचेजावई इस्त्रीचा कोट घालून दारात उभा राहिला, तेव्हा बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला, हात जोडले आणि परत पाठवलं.

वन्सं म्हणाल्या, "चौदा वर्षं पाण्यात घालतेस."

"पंधरा मुलांना खोटं बोलायला बसवायचं, वन्सं, ते मला शिकवता येणार नाही."

"मग भोग आपल्या कर्माची फळं," असं म्हणून त्यांनी शिक्का आपटला. कागद कोराच होता.

दहा वाजता तपासनीस आले. एक मॅडम होत्या, त्यांनी आल्याआल्या टेप काढून जिना मोजायला घेतला. दुसरे साहेब, उंच, वाळकेसे, केस खडूची पूड पडल्यासारखे पांढरे. त्यांनी वेळापत्रकावर बोट ठेवलं.

"तिसरा तास रसायन. मी रसायनाचाच. तो बघू."

"आमचे सर शुक्रवारी सोडून गेले. अजून कुणी मिळालं नाही. आज तो तास ऑफ आहे."

"मुलं कुठे आहेत?"

"वर्गात."

"काय करतायत?"

"खरं सांगू का? मला माहीत नाही."

साहेब जिना चढू लागले. मागून बाई. वरच्या वर्गातून मोठ्याने बोलण्याचा आवाज येत होता आणि बाईंना वाटलं, झालं, संपलं.

फळ्यापाशी एक मुलगी उभी होती. वर्गात तिला सगळे 'शंका' म्हणत, कारण ती प्रत्येक वाक्याला थांबवायची. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं, ते समीकरण तिने मांडलं होतं आणि दोन्ही बाजू जुळवायला पाण्यातल्या ऑक्सिजनखाली तिने दोनचा आकडा लिहिला होता.

"जुळलं की," ती म्हणाली.

"जुळलं, पण ते पाणी राहिलं नाही," खिडकीजवळची मुलगी म्हणाली. "ते दुसरंच काहीतरी झालं. पिऊन बघ."

वर्ग हसला. मग दार उघडलेलं दिसलं आणि सगळे उठून उभे राहिले.

"बसा," साहेब म्हणाले. फळ्याकडे बघत राहिले. "ही बरोबर बोलतेय. पण का, ते कोण सांगेल?"

कुणी सांगेना. साहेबांनी बॅग खुर्चीवर ठेवली, बाह्या सारल्या आणि खडू उचलला. "आकडा सूत्राच्या आधी लावायचा, पोटात घुसवायचा नाही. पोटात घुसवला की पदार्थच बदलतो." तिथून जे सुरू झालं ते घंटा होईपर्यंत थांबलं नाही. शंकाने त्यांना नऊ वेळा अडवलं. नऊही वेळा ते थांबले.

जाताना त्यांनी तिला विचारलं, "तू या शाळेत का आलीस?"

"आधीच्या शाळेत मी विचारलं की सर म्हणायचे, नंतर," ती म्हणाली. "ते नंतर कधी यायचंच नाही."

साहेबांनी हात झटकले. खाली येऊन "कळवू" एवढंच म्हणाले आणि गेले. मॅडमनी जिन्याबद्दल चकार शब्द काढला नाही, त्याचा अर्थ काय लावायचा यावर वन्संनी तीन आठवडे डोकं खाल्लं. बाईंनी तेवढ्यात जाहिरात देऊन साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम केलेली एक बाई रसायनाला घेतली. पहिल्याच दिवशी शंकाने तिला घाम फोडला, तरी ती दुसऱ्या दिवशी आली.

पत्र आलं ते बुधवारी. वन्संनी पाकीट फोडलं, पोस्टातल्या सवयीने आधी शिक्का पाहिला, मग वाचलं, मग पुन्हा वाचलं. मान्यता मिळाली होती. अट एकच: महिन्याभरात रसायनाला शिक्षक नेमावा.

"नेमलाय," बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

आठवड्याभरात चौकशीला चाळीस पालक येऊन गेले. "प्रत्येक वर्गात पाच-पाच खुर्च्या वाढवू, संपलं," असं वन्सं म्हणाल्या. बाईंनी नकार दिला, आणि छापखान्याच्या मालकाला कागदाची कोठी रिकामी करायची आहे हे कळताच ती दोन वर्गांसाठी मागून घेतली.

करार झाला त्या दुपारी बाई शिक्षकांच्या खोलीत टेकल्या आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. तास संपायची वेळ झाली तेव्हा वन्सं घंटेपाशी गेल्या, थांबल्या, आणि मग एकेका वर्गाच्या दारात जाऊन हातानेच सांगत सुटल्या, की तास संपला, हळू बाहेर या.