लाँड्रीमागची जांभूळ

मित्रांनो, मी एक म्हातारी जांभूळ आहे. एका लाँड्रीच्या मागच्या आवारात, कुंपणाची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामधे उभी आहे. मला कोणी लावलं नाही. पक्ष्याने टाकलेल्या बीतून मी उगवले आणि लाँड्रीच्या म्हाताऱ्या मालकांनी मला उपटलं नाही, एवढंच. ते माझ्या खोडाला दोरी बांधून चादरी वाळत घालत. दुपारी सावलीत बसून गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांची तुटकी बटणं लावत. "ही माझी बिनपगारी नोकर," असं कौतुकाने सांगत.

ते गेल्यावर कारभार मुलाकडे आला. तो कष्टाळू होता, मनाने वाईट नव्हता. पण त्याने इस्पितळाच्या पांढऱ्या चादरींचं काम घेतलं आणि माझी फळं त्याच्या मुळावर उठली. एका मोसमात इस्पितळाने तीन गाठोडी परत पाठवली. चादरींवर पडलेल्या जांभळांचे डाग काही केल्या निघेनात. त्याने मला तोडायचा अर्ज केला.

उद्यान खात्याचे साहेब आले. त्यांनी माझा घेर मोजला, खोडावर नंबरचा पत्रा ठोकला आणि म्हणाले, "देशी झाड आहे. जागा तुमची असली तरी कायद्याने तोडता येणार नाही."

मला वाटलं, सुटले!

आठवड्याने गवंडी आला. मालकाने माझ्या बुंध्याला भिडेपर्यंत सिमेंट ओतायला सांगितलं.

"शेठ, थोडं आळं सोडू या की. गुदमरेल हो ते."

"तोडू नका म्हणालेत. मी कुठे तोडतोय?"

तेव्हापासून मी कोंडले गेले. पाऊस यायचा, पण पाणी माझ्या पायांवरून गटारात निघून जायचं. मुळं अंधारात चाचपडत भिंतीपर्यंत जायची आणि मागे वळायची. ओरडायला तोंड नाही, पळायला पाय नाहीत. साहेब दर वर्षी येत, नंबर बघत, वहीत 'झाड उभे आहे' असं लिहून जात. तिसऱ्या वर्षी मला एकही जांभूळ धरलं नाही. चादरी पांढऱ्याशुभ्र राहिल्या. मालक खूश होता.

चौथ्या उन्हाळ्यात माझी वाळकी फांदी इस्त्रीच्या पत्र्याच्या शेडवर कोसळली. मालकाची बायको नुकतीच पाणी प्यायला उठली होती, म्हणून वाचली. साहेब आले तेव्हा ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"साहेब, नंबर काय बघता? जरा खाली बघा."

साहेब वाकले. त्यांचा चेहरा उतरला. मालकाला म्हणाले, "मुळं कोंडून मारणं म्हणजेही तोडणंच. कायद्यात झाडाला कुठलीही इजा करणं तोडण्यातच धरलंय. बुंध्याजवळचं हे सिमेंट फोडा."

"आणि माझ्या चादरी?"

"जांभळं पडतात त्या महिनाभराचा तर प्रश्न," बायको म्हणाली. "तेवढे दिवस गच्चीवर दोऱ्या बांधू. मी नेईन वर."

दुसऱ्या दिवशी मालकाने स्वतः पहार घेतली. प्रत्येक घाव मला शेंड्यापर्यंत जाणवत होता. सिमेंटखाली एकमेकींना वेटाळून बसलेली माझी मुळं दिसली, तेव्हा त्याचा हात थांबला. त्याने पहार बाजूला ठेवली. मग टाकीतून पाण्याची बादली भरून आणली.

माझी एक बाजू कायमची वाळली आहे. ती आता फुटायची नाही. अजूनही तीन बाजूंनी सिमेंट आणि भिंत आहेच. फक्त पायाशी हातभर माती मोकळी झाली आहे आणि तेवढ्यावर मी जगते आहे.

मित्रांनो, कायद्याने माझ्यावरची कुऱ्हाड अडवली, हे मी विसरणार नाही. पण कायदा रोज बघायला येत नाही. तुम्ही दारातल्या झाडाजवळून रोज जाता. एकदा थांबा, वाका आणि त्याच्या बुंध्याशी पाणी मुरायला जागा आहे ना, तेवढं पाहा. त्याला सांगता येत नाही.